जास्त उजेडाच्या टॉर्चला सेल कोणता? आधी अँपिअर बघा, मग एमएएच

अनेक भागांत शेतीपंपांची थ्री-फेज वीज चक्राकार पद्धतीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की दारं धरायला अंधारातच जावं लागतं. पायाखाली साप, आणि जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात तर उसात बिबट्या. अशा वेळी दोन-तीन हजार ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) टॉर्च ही चैन उरत नाही. सह्याद्रीत रात्रीची चाल करणाऱ्यांनाही तो लागतो, बचावपथकांना तर लागतोच.

अडचण टॉर्च घेतल्यानंतर सुरू होते. सोबत आलेला सेल वर्षभरात थकतो. मग ऑनलाइन शोध घेतला की एकाच मापाचे सेल २००० पासून ९९०० एमएएचपर्यंतच्या आकड्यांसह समोर येतात, आणि सर्वात मोठा आकडा बहुतेक वेळा सर्वात स्वस्त सेलवर असतो. तो घातला की टॉर्च फुल्लवर टाकताच मिनिटभरात मंद होतो किंवा बंदच पडतो. टॉर्च खराब निघाला असं वाटतं. दोष बहुतेक वेळा सेलचा असतो, आणि तो दोष विकत घेण्याआधी ओळखता येतो.

सेलवरच्या आकड्यांचा अर्थ

जोरकस टॉर्चमध्ये आज मुख्यतः लिथियम-आयन सेल असतात. त्यांचं नाव म्हणजेच माप. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. शेवटचा शून्य सेल गोल नळीसारखा असल्याचं सांगतो. २१७०० म्हणजे व्यास २१, लांबी ७०. नवे मोठे टॉर्च बहुधा २१७०० वर चालतात.

या सेलचा व्होल्टेज ३.६ किंवा ३.७ लिहिलेला असला तरी तो स्थिर नसतो. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो आणि वापरता वापरता ३ व्होल्टच्या आसपास येतो. त्याच्या फार खाली तो उतरू द्यायचा नाही.

उरले दोन आकडे. एमएएच, म्हणजे मिलीअँपिअर-तास, ही साठवण: ३००० एमएएचचा सेल ३ अँपिअर साधारण तासभर देईल. दुसरा आकडा म्हणजे सलग किती अँपिअर सेल सुरक्षितपणे देऊ शकतो. हा बहुतेक वेळा सेलवर छापलेलाच नसतो, कंपनीच्या माहितीपत्रकात शोधावा लागतो. आणि जोरकस टॉर्चसाठी आधी बघायचा आकडा हाच.

साठा वेगळा, उपसा वेगळा

विहिरीचं उदाहरण घ्या. पाणी भरपूर दिसतं, पण झरा बारीक आहे. तीन अश्वशक्तीचा पंप लावला तर तो तासन्‌तास चालेल. दहाचा लावला तर पातळी झपाट्याने खाली जाईल आणि पंप हवा ओढू लागेल, आजूबाजूच्या खडकात पाणी असूनही.

सेलमध्ये या बारीक झऱ्याचं काम अंतर्गत रोध करतो. सेलमधून करंट निघताना आतलं रसायन आणि धातूचे पत्रे थोडा विरोध करतात, आणि करंट जितका जास्त तितका व्होल्टेज सेलच्या आतच खर्च होतो. चांगल्या नव्या १८६५० चा रोध ३० मिलिओहमच्या आसपास धरा. त्यातून ९ अँपिअर ओढले तर सुमारे ०.२७ व्होल्ट आतच जातात. ३.७ व्होल्टवर असलेला सेल टॉर्चला ३.४ देतो. काम चालतं.

आता थकलेला किंवा हलका सेल घ्या, रोध १०० मिलिओहम. तेवढ्याच ९ अँपिअरना ०.९ व्होल्ट गडप. टॉर्चपर्यंत २.८ व्होल्ट पोचतात. टॉर्चमधल्या सर्किटला वाटतं सेल संपला, आणि ते उजेड कमी करतं किंवा बंद करतं. तोच सेल बाहेर काढून मीटर लावलात तर ३.७ व्होल्ट दिसतात, लो मोडवर टॉर्च छान चालतो, आणि माणूस गोंधळतो. फुल्लवर बंद आणि लोवर चालू, हे लक्षण दिसलं की आधी सेल बदलून बघा.

शिवाय हे गडप झालेले व्होल्ट उष्णता होऊन बसतात. पहिल्या सेलमध्ये अडीच वॉटच्या आत, दुसऱ्यात आठ वॉट, तेही चारी बाजूंनी बंद नळीत, जिथे एलईडीची स्वतःची उष्णता आधीच पोचलेली असते.

तुमच्या टॉर्चला किती अँपिअर लागतात?

माहितीपत्रकात मिळालं तर उत्तम. नसेल तर अंदाज काढता येतो. फुल्ल जोरावर पांढरे एलईडी ढोबळमानाने एका वॉटला १०० ल्युमेन देतात. म्हणजे ३००० ल्युमेनला साधारण ३० वॉट. टॉर्चमधल्या सर्किटमध्ये दहा टक्के जातात असं धरा. एका सेलवर चालणारा टॉर्च असेल तर हिशेब असा:

३० ÷ ०.९ ÷ ३.६ = सुमारे ९.३ अँपिअर.

उजेड शेवटपर्यंत एकसारखा ठेवणारे टॉर्च सेल उतरेल तसा जास्त करंट ओढतात, कारण वॉट तेवढेच हवेत आणि व्होल्टेज कमी झालेला असतो. ३.३ व्होल्टला हाच टॉर्च १० अँपिअरच्या पुढे जातो. म्हणून हिशेबाच्या वर किमान तीस टक्के मोकळीक ठेवा. इथे १३ ते १५ अँपिअर सलग देणारा सेल हवा.

काही टॉर्चमध्ये मधलं सर्किट जवळपास नसल्यासारखंच असतं. सेल देईल तेवढं एलईडी खातं. एकाच मोठ्या एलईडीचे असे टॉर्च २० अँपिअरच्याही वर जातात. तिथे सेल निवडताना तडजोड नको.

मग घ्यायचा कोणता?

एकाच मापात साठवण आणि जोर दोन्ही कमाल मिळत नाहीत. डब्याची जागा ठरलेली आहे. ऊर्जा धरणारा थर जाड केला की साठवण वाढते, पण करंटला लांबचा प्रवास करावा लागतो. थर पातळ करून धातूचा पत्रा जास्त घातला की करंट सहज निघतो, साठवण घटते.

१८६५० मध्ये सॅमसंगचा ३५ई हा ३५०० एमएएचचा सेल ८ अँपिअर सलग देतो. एलजीचा एमजे१ तेवढ्याच साठवणीचा आणि १० अँपिअरचा. ३०क्यू हा सॅमसंगचाच सेल ३००० एमएएच, पण १५ अँपिअर. मुराताचा व्हीटीसी६ याच जातकुळीतला. २५आर आणखी उतरून २५०० एमएएच, पण २० अँपिअर. म्हणजे वरच्या ३००० ल्युमेनच्या टॉर्चला ३५०० वाला घेतलात तर तो कुरकुरणार आणि ३०क्यू किंवा व्हीटीसी६ व्यवस्थित चालणार.

२१७०० मध्ये हेच गणित मोठ्या डब्यात. सॅमसंगचा ५०ई ५००० एमएएच आणि सुमारे १० अँपिअरचा. तैवानच्या मोलिसेलचा पी४२ए ४२०० एमएएच, आणि कंपनी त्याला ४५ अँपिअर देते. इतका करंट टॉर्चमध्ये कधी लागत नाही, पण एवढ्या जोराच्या सेलचा रोध कमी असतो, म्हणून १२-१५ अँपिअरला तो कमी तापतो आणि व्होल्टेज टिकवून धरतो. ज्यांना फुल्ल मोड वारंवार लागतो त्यांनी हा वर्ग घ्यावा.

"पण ५००० वाला जास्त वेळ चालेल ना?"

मध्यम उजेडावर हो. ५०० ल्युमेनला साधारण ५ वॉट धरा, म्हणजे दीड अँपिअरच्या आसपास. तिथे ५०ई सव्वातीन तास चालेल, पी४२ए पावणेतीन तासांच्या आसपास. रात्रभर बांधावर मध्यम उजेडात काम असेल आणि लांबचं क्वचितच बघायचं असेल, तर जास्त साठवणीचा सेल हीच योग्य निवड. मात्र तुमच्या टॉर्चच्या फुल्ल मोडला लागणारे अँपिअर त्या सेलच्या मर्यादेत बसतात का, हे पाहूनच.

फुल्ल मोडची दुसरी बाजूही माहीत असावी. ३०००-४००० ल्युमेनचे हातातले टॉर्च तो उजेड दोन-चार मिनिटंच देतात. नंतर अंग तापलं की सर्किट स्वतःहून उजेड उतरवतं, आणि तसं करणंच बरोबर असतं. कोणताही सेल ही मर्यादा हटवू शकत नाही. टॉर्च चांगलाच गरम झाल्यावर उजेड उतरत असेल तर सेल बदलून फरक पडणार नाही. थंड टॉर्च दहा सेकंदांत उतरत असेल तर संशय सेलवर घ्या.

९९०० एमएएच: हा आकडा शक्यच नाही

सर्रास मिळणारा चांगला १८६५० सेल ३५०० एमएएचच्या आसपास थांबतो. अलीकडचे मोजके प्रकार ४००० पर्यंत जातात. असा सेल ४५ ते ४९ ग्रॅमचा असतो आणि त्यात साडेबारा वॉट-तास (एकूण ऊर्जा, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर-तास) मावतात, म्हणजे किलोमागे २६० च्या आसपास. ९९०० एमएएचचा दावा खरा मानला तर किलोमागे साडेसातशेच्या वर वॉट-तास हवेत. बाजारात असं रसायन नाही. आत हजार-बाराशे एमएएचचा माल निघतो; काहींत तर छोटा सेल बसवून उरलेली जागा भुकटीने भरलेली आढळली आहे.

म्हणून घरच्या वजनकाट्यावर सेल ठेवा. १८६५० चाळीस ग्रॅमच्या आत भरला तर परत करा. २१७०० साधारण ७० ग्रॅमचा असतो. वजन बरोबर आलं म्हणजे सेल अस्सल ठरत नाही, पण हलका सेल अस्सल नसतो हे नक्की.

नावांचाही गोंधळ आहे. अशा दर्जाचे सेल खरोखर बनवणाऱ्या कंपन्या थोड्या: पॅनासॉनिक, सॅमसंग, एलजी, मोलिसेल, मुराता (सोनीचा बॅटरी व्यवसाय २०१७ मध्ये यांच्याकडे गेला) आणि ईव्हीईसारख्या काही चिनी कंपन्या. बाकीचे बरेचसे ब्रँड यांचेच सेल घेऊन वर आपलं आवरण चढवतात. त्यात वाईट काही नाही, आत काय आहे हे ते सांगत असतील तर. भारतात विकायच्या अशा सेलना भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते. मानक आहे आयएस १६०४६, आणि चिन्हासोबत 'आर' या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' अॅपवर तपासता येतो.

लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतले सेल चालतील का?

जोरकस टॉर्चला नाही. ते मूळचेच बेताच्या करंटसाठी बनलेले, बहुतेक २२०० ते २६०० एमएएचचे, आणि वापरून वापरून रोध वाढलेला. शिवाय पॅकमधला एखादा सेल कधीकाळी दोन व्होल्टच्याही खाली जाऊन आलेला असू शकतो. इतकं खाली गेल्यावर आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो. पुन्हा चार्ज करताना ते तांबं नको तिथे जमतं आणि आतल्या आत शॉर्टची वाट तयार होते. बाहेरून हे दिसत नाही. बाजारात असेच काढलेले सेल नवं आवरण घालून नवे म्हणूनही विकले जातात. दोन्ही टोकांना वेल्डिंगचे ठिपके किंवा घासल्याच्या खुणा दिसल्या तर समजून जा.

प्रोटेक्टेड घ्यावा की साधा?

प्रोटेक्टेड सेलच्या तळाशी एक गोल चकतीएवढं सर्किट असतं. सेल जास्त चार्ज झाला, फार उतरला किंवा शॉर्ट झाला की ते जोडणी तोडतं. चांगली गोष्ट आहे, पण दोन अडचणी येतात. लांबी दोन ते पाच मिलिमीटरने वाढते, त्यामुळे काही टॉर्चचं झाकण बसत नाही. जोर लावून बसवू नका, स्प्रिंग चेपते आणि सेलचं टोक दबतं. दुसरं, सर्किटची स्वतःची अँपिअरची मर्यादा असते. ती टॉर्चच्या गरजेपेक्षा कमी असेल तर फुल्ल दाबताच अंधार. बिबट्याच्या भागात हे परवडणारं नाही.

टॉर्चमध्येच कमी व्होल्टेजला बंद होण्याची सोय असेल, सेल एकच असेल आणि चार्जर भरवशाचा असेल, तर साधा सेल चालतो. पण एक गोष्ट सरळ सांगायला हवी: सॅमसंग, एलजीसारख्या कंपन्या हे साधे सेल सुटे वापरण्यासाठी विकत नाहीत. ते नियंत्रण सर्किट असलेल्या पॅकसाठी बनतात, असा इशारा त्यांनीच दिलेला आहे. साधा सेल घेतला तर सर्किटचं काम तुमच्या शिस्तीवर येतं. घरात अनेकजण टॉर्च हाताळत असतील, मुलं सेल काढत-घालत असतील, तर पुरेशा अँपिअरचा प्रोटेक्टेडच घ्या.

टोकाचा आकारही बघा. काहींचा धन टोक उंचवट्याचा, काहींचा सपाट. उलटा सेल घातल्यास सर्किट जळू नये म्हणून काही टॉर्चमध्ये धन टोकाभोवती प्लास्टिकची कडी असते. तिथे सपाट टोक टेकतच नाही. काही कंपन्यांचे खास सेल धन-ऋण दोन्ही एकाच बाजूला ठेवतात, त्या टॉर्चमध्ये दुसरा सेल चालत नाही. विकत घेण्याआधी जुना सेल बाहेर काढून मोजा.

दोन-चार सेलचे टॉर्च

इथे धोका खरा आहे. सेल एकामागे एक जोडलेले असतील आणि एक कमजोर असेल, तर तो आधी संपतो आणि बाकीचे त्याच्यातून करंट ढकलतच राहतात. तो उलटा चार्ज होऊ लागतो, तापतो, वायू सोडतो. उघड्यावर हा वायू निघून जातो. टॉर्च मात्र पाणी जाऊ नये म्हणून रबरी कड्यांनी बंद केलेली धातूची नळी आहे. दाब साठला तर ती फुटते.

म्हणून एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे, एकाच वेळी घेतलेले सेल वापरा, त्यांच्यावर खूण करा आणि ते कायम एकत्रच वापरा व चार्ज करा. घालण्यापूर्वी मीटरने बघा, व्होल्टेजमध्ये ०.०५ पेक्षा जास्त फरक नको. शेजारी शेजारी, म्हणजे समांतर जोडणीच्या टॉर्चमध्येही भरलेला आणि रिकामा सेल एकत्र घालू नका. भरलेला सेल रिकाम्यात एकदम मोठा करंट ओततो.

पहिल्यांदाच असा टॉर्च घेत असाल तर एका २१७०० चा घ्या.

साधे एए किंवा दुसरे रिचार्जेबल?

निकेल-मेटल हायड्राइडचे चांगले एए सेल १.२ व्होल्ट आणि २००० एमएएचच्या आसपासचे, म्हणजे प्रत्येकी अडीच वॉट-तासांच्या आत. सुरक्षित आहेत, वर्षानुवर्षं टिकतात, घरातल्या छोट्या टॉर्चला उत्तम. ३० वॉटसाठी ते नाहीत. १४५०० नावाचा लिथियम सेल दिसायला अगदी एएसारखा, पण ३.७ व्होल्टचा; एएच्या टॉर्चमध्ये तो चुकून गेला तर सर्किट जळू शकतं.

लिथियम आयर्न फॉस्फेट हा प्रकार उष्णतेला जास्त सोसतो, पण ३.२ व्होल्टचा असतो आणि पूर्ण चार्जला ३.६५. त्याला ४.२ च्या चार्जरमध्ये घालू नका, आणि टॉर्च त्यासाठी बनलेला नसेल तर सर्किटला तो अर्धवट रिकामाच वाटेल.

चार्जिंग, ऊन आणि फाटलेलं आवरण

चार्जर असा हवा की आधी ठरावीक करंट देईल, ४.२ व्होल्टला पोचल्यावर करंट उतरवत नेईल आणि शेवटी थांबेल. करंट साठवणीच्या निम्मा ठेवा: ३००० एमएएचला दीड अँपिअर. साठवण आणि रोध मोजणारा चार्जर मिळाला तर थोडे जास्त पैसे मोजून घ्या, खोटा सेल तो पहिल्याच दिवशी पकडतो. चार्ज होऊन निघालेला सेल आठवडाभर नुसता ठेवा, ४.१ व्होल्टच्या खाली उतरला तर त्याच्यावर विसंबू नका. टॉर्चलाच सी-टाइप पोर्ट असेल आणि नव्या चार्जरने चार्ज होत नसेल, तर एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी असलेली केबल लावून बघा. स्वस्त टॉर्चमध्ये दोन्ही टोकं सी असलेल्या केबलसाठी लागणारे छोटे रेझिस्टर बसवलेले नसतात.

चार्जिंग शून्य ते ४५ अंशांदरम्यानच. मे महिन्यात चंद्रपूर-नागपुरात दुपारची हवाच या मर्यादेला टेकते, तेव्हा सेल पहाटे किंवा रात्री चार्ज करा. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर टॉर्च ठेवू नका. महिनोन्‌महिने वापर नसेल तर सेल ३.६ ते ३.८ व्होल्टवर, थंड जागी ठेवा. पूर्ण भरून ठेवलेला सेल लवकर म्हातारा होतो.

सेलची सगळी डबी ऋण असते, धन टोकाभोवतीची कडसुद्धा. मध्ये फक्त एक कागदी चकती आणि वरचं पातळ प्लास्टिक. ते फाटलं की टॉर्चच्या नळीला लागून शॉर्ट होऊ शकतो. योग्य मापाचं नवं आवरण आणि चकती मिळते, हेअर ड्रायरच्या उष्णतेने ते बसतं. डबी चेपलेली, फुगलेली किंवा गोडसर वास येणारा सेल मात्र वापरातून काढाच. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा संकलनाला द्या, घंटागाडीत टाकू नका. सुटा सेल खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर नको, प्लास्टिकच्या डबीत ठेवा. विमानातही जादा सेल हातातल्या बॅगेतच न्यायचे असतात, सामानात दिलेल्या बॅगेत नाही.

सेल चांगला असूनही उजेड फडफडत असेल तर टॉर्चचे आटे बघा. बऱ्याच टॉर्चमध्ये सगळा करंट झाकणाच्या आट्यांमधून आणि नळीच्या कडेवरून जातो. तिथे माती आणि जुनं ग्रीस बसलं की १० अँपिअरला तेवढाही रोध पुरतो. सुती कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून आटे, नळीची कड आणि स्प्रिंगचं टोक पुसा, रबरी कडीला थोडं सिलिकॉन ग्रीस लावा आणि झाकण पूर्ण आवळा.